मदत हवी आहे: मिरीवेलाच्या मुळांना गाठी, शेणखतात जाड अळ्या. कीड एकच की वेगवेगळी?

पुळणवाडी
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात समुद्रालगतची वाडी, जमीन रेतवट. पोफळींवर चढवलेले 60 मिरीवेल, जात पन्नियूर-1, वय पाच वर्षं. गेल्या दिवाळीपासून 14 वेल पिवळे पडून पानं गाळू लागले. पावसात पुन्हा पालवी फुटली म्हणून सोडून दिलं, तर आता ऑक्टोबर संपताना परत तेच. एका वेलाची बारीक मुळं उकरली तर ओवलेल्या मण्यांसारख्या गाठी. शेणखताच्या खड्ड्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, पुष्कळ पायांचे खूप वाणी आणि केसासारखे बारीक पांढरे कृमीही दिसतात. शेजारच्या माडांची नवी चुडतं कात्रीने कापल्यासारखी. दुकानदार एक दाणेदार औषध देतोय, म्हणतो सगळ्या किड्यांवर चालतं. टाकू का? वेलांच्या मधे वांगी आणि हळद आहे.

भिंगवाला
थांबा, दाणे टाकू नका. आधी पुडीवरचं नाव वाचा. फोरेट हे कीटकनाशक असेल तर त्यावर भारतात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे.

तुम्ही चार वेगवेगळे प्राणी सांगितलेत. जाड अळी आणि वाणी हे संधिपाद, म्हणजे सांध्याच्या पायांचे. गाठी करणारा सूत्रकृमी, म्हणजे गोल कृमी; जंत आणि नारू याच गोतावळ्यातले. खड्ड्यातले केसासारखे कृमी बहुधा कुजक्या खतावर जगणारे, त्यांचा वेलाशी संबंध नाही.

अळी हातात घेऊन बघा: तपकिरी डोकं, छातीशी पायांच्या तीन जोड्या, दोन्ही कुशींना ओळीत तपकिरी ठिपके. ते ठिपके श्वासाची भोकं. सूत्रकृमीला यातलं काहीच नाही. पाय नाहीत, अंगाला वळ्या-खंड नाहीत, श्वासनलिका नाही. हवा त्वचेतूनच आत येते. स्नायू फक्त लांबीच्या दिशेने, त्यामुळे गांडुळासारखं आखडून-लांबवून त्याला सरकता येत नाही, नुसतं सापासारखं वळवळता येतं. गांडूळ, सूत्रकृमी आणि अळी ओळखायला ही एक चाल पुरते.

गंमत म्हणजे गांडुळापेक्षा संधिपादच सूत्रकृमीला नात्याने जवळचे मानले जातात, कारण दोघेही कात टाकतात. सूत्रकृमी मोठा होईपर्यंत चार वेळा. पण नातं जवळचं म्हणून औषध एक, असं होत नाही.

मुळाखाली
पिवळेपणाची वेळ महत्त्वाची आहे. पावसाळा ओसरल्यावर जमिनीतली ओल कमी होते, सूत्रकृमींनी अर्धवट केलेल्या मुळांना पाणी पुरत नाही आणि वेल पिवळा पडतो. जूनमध्ये नवी मुळं फुटतात, वेल सावरल्यासारखा वाटतो. हा हळूहळू होणारा ऱ्हास. उलट ऐन पावसात पानांवर काळे डाग, बुंधा जमिनीलगत काळा आणि दोन-तीन आठवड्यांत वेल आडवा, तर तो फायटोफ्थोरा, म्हणजे बुरशीसारख्या जंतूचा रोग. त्याचा इलाज निराळा. तुमचं वर्णन पहिल्यात बसतं. रेताड जमिनीत हा त्रास जास्तच होतो.

गाठी पाहण्याची रीत: मूळ हलक्या हाताने धुवा, चोळू नका. वाल-चवळीच्या मुळावरची नत्राची गाठ बाजूला चिकटलेली असते, नखाने निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, काढायला गेलात तर मूळ तुटतं. ब्लेडने गाठ उभी चिरून दहापट भिंगाखाली धरा. राजगिऱ्याच्या निम्म्या आकाराचा, पेअरच्या फळासारखा, मोतिया पांढरा ठिपका दिसला तर ती मेलॉइडोगायनीची, म्हणजे गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची मादी. ती जागची हलत नाही. बाहेर जेलीसारख्या गोळ्यात तीन-चारशे अंडी घालते. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून अंड्यापर्यंत साधारण महिन्याभरात चक्र पुरं होतं.

गाठी नसून मुळं तांबूस-तपकिरी होऊन सडत असतील तर मुळात बोगदे करणारा दुसरा सूत्रकृमी, राडोफोलस सिमिलिस, असू शकतो. तो केळी, माड, पोफळ, आलं, हळद सगळ्यांवर जगतो. दोघे एकाच वेलावरही सापडतात.

पुळणवाडी
धन्यवाद. एक गाठ चिरली, दोन पांढरे ठिपके आहेत. मातीतले कृमी घरी दिसतील का? गावातल्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे.

भिंगवाला
दिसतील. पसरट ताट, त्यात बसेल अशी प्लास्टिकची चाळण, चाळणीत टिश्यू पेपरचे दोन थर. वर 100 ग्रॅम माती, ढेकळं हाताने फोडून पातळ पसरलेली. ताटात कडेने पाणी सोडा, माती खालून भिजेल इतकंच. जास्त ओतलंत की गाळ खाली येतो आणि मग काही दिसत नाही. 24 तास सावलीत न हलवता ठेवा. जिवंत कृमी कागदातून खाली उतरतात. पाण्यात त्यांना वर पोहता येत नाही, त्यामुळे तळाशी बसतात. चाळण उचला, पाणी उंच ग्लासात घ्या, तीन तासांनी वरचं अलगद ओतून द्या आणि तळचं थोडं पाणी 40 पटीत बघा. ताट दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. पाण्यातला प्राणवायू संपला की ते मरतात.

इथेच बहुतेकांची फसगत होते. कुठल्याही जिवंत मातीत सूत्रकृमी असतातच, आणि पुष्कळसे जिवाणू खाणारे, निरुपद्रवी. वळवळ दिसली म्हणजे रोग सापडला नव्हे. झाडावरच्या सूत्रकृमीच्या तोंडात पोकळ सुई असते, ती 400 पटीत दिसते. मुळातून येणारे पाहायचे तर मुळांचे सेंटीमीटरभर तुकडे उथळ पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा.

नक्की नाव हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात विचारून नमुना द्या. पाच-सहा वेलांखालची 15-20 सेंमी खोलीची माती एकत्र करून पाव किलो, सोबत बारीक मुळं 10 ग्रॅम. पिशवीचं तोंड बांधा, उन्हात ठेवू नका, फ्रिजमध्येही नको. पूर्ण मेलेल्या वेलाखालची माती घेऊ नका. तिथलं खाणं संपलेलं असतं, कृमी कमी सापडतात. अर्धवट पिवळ्या वेलाखालची घ्या.

मुळाखाली
उपाय. वेलामागे वर्षाला एक किलो निंबोळी पेंड, ओल असताना, बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल पसरून मातीत हलकी मिसळा. कुदळ लावू नका, उरलेली बारीक मुळं तुटतील. बुंध्याशी ढीग नको. कोरड्या रेतीत टाकलेली पेंड कुजतच नाही, आणि तिचा निम्मा गुण कुजण्यातच आहे. सोबत पोकोनिया बुरशीचं कल्चर वेलामागे 50 ग्रॅम, मेच्या अखेरीस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये; ती सूत्रकृमीची अंडी खाते. कल्चर टाकल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे आळ्यात बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर पैसे वाया.

वांगी काढा. गाठीच्या सूत्रकृमीला वांग्यासारखं दुसरं आवडतं खाणं शोधावं लागेल. हळदही यजमान आहे. त्या पट्ट्यात झेंडू दाट लावून दोन-तीन महिने उभा ठेवा. काम जिवंत मुळांचं आहे, दसऱ्याची उरलेली फुलं आळ्यात टाकून काही होत नाही.

चुडतं
माडाचं वेगळं सांगतो. चुडतावरचे इंग्रजी व्ही सारखे काप हे गेंड्या भुंग्याचे. तुमच्या खड्ड्यातली अळी बहुधा त्याचीच. अळी माड खात नाही, कुजकं खत खाते. नुकसान पूर्ण वाढलेला भुंगा करतो, न उलगडलेल्या कोवळ्या पानाच्या सुईत शिरून. म्हणून अळीसाठी माडाच्या मुळात औषध ओतणं व्यर्थ. खड्डा दोन महिन्यांनी उलथा, अळ्या वेचा, कोंबड्या सोडा. खत ओलसर ठेवून मेटारायझियम बुरशी मिसळा, मेलेली अळी हिरवी पडली की ती लागू पडली समजा. माडाच्या वरच्या तीन बेचक्यांत निंबोळी पेंड 250 ग्रॅम आणि तेवढीच रेती, वर्षातून तीनदा: मे, सप्टेंबर, डिसेंबर.

वाणीला मारू नका. बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असलेला तो कचरा खाणारा प्राणी आहे, तुमचं खत तोच बारीक करतो.

पुळणवाडी
मेलेल्या वेलांच्या जागी नवीन रोपं जूनमध्ये लावू का? आणि वाचलेल्यांमध्ये पसरेल का?

मुळाखाली
सूत्रकृमी स्वतः वर्षभरात जेमतेम एखादा मीटर सरकतो. वाडीभर तो पोचतो कुदळीच्या मातीने, वाहत्या पाण्याने आणि मुख्य म्हणजे रोपांच्या पिशवीतून. मुळं नसलेल्या फांदीत तो नसतो, पिशवीतल्या मातीत असतो. तेव्हा रोपं घरीच करा. एप्रिल-मेच्या उन्हात पिशव्यांची माती ओली करून वीतभर जाडीने पसरा, पारदर्शक पातळ प्लास्टिकने कडा मातीत दाबून झाका, चार ते सहा आठवडे. काळं प्लास्टिक वापरू नका, त्याखाली माती तेवढी तापत नाही. कडा एका ठिकाणी उघडी राहिली तरी वाफ निसटते.

माती एप्रिलमध्ये झाकलीत तर फांद्या पिशवीत लागेपर्यंत मे संपेल, म्हणजे या जूनला रोपं तयार नसतील. पुढचा जून धरा. तोवर मेलेल्या वेलाची मुळं वेचून जाळा आणि जागेवर झेंडू ठेवा. गाठींच्या सूत्रकृमीला दाद न देणारी पौर्णमी ही जात मिळाली तर मेलेल्या वेलांच्या जागी तीच लावा. कुदळ मात्र आजारी वेलाकडून निरोगी वेलाकडे नेताना धुऊन न्या, उलट नेलीत तर धुवायची गरज नाही.