'मेक अ बीलाइन फॉर' म्हणजे रांग लावणं का?

शहापूरकर: 'डिव्होटीज मेड अ बीलाइन टू सौंदत्ती' याचं मराठी 'भाविकांची रीघ लागली' असंच ना? मराठी माध्यमाच्या दहावीला शिकवायचं आहे. 'टू' की 'फॉर', तेही सांगा की.

खानापूरकर: रीघ नव्हे, सर. 'लाइन' दिसली की रांग आठवते आणि आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत तोच अर्थ रुळलाय. ही रेघ मधमाशीची. पोटात मकरंद भरला की माशी कुठं रेंगाळत नाही, पोळ्याकडे सरळ सुटते. अमेरिकेत १९व्या शतकात रानातली पोळी अशीच शोधायचे. डबीत साखरेचा पाक ठेवून माशी धरायची, पोट भरलं की सोडायची. ती आधी वर घिरट्या घालते, मग दिशा धरते. ती दिशा टिपायची. मग बरंच बाजूला सरकून दुसरी माशी सोडायची. दोन रेघा छेदतात तिथं पोळं. दुसरी जागा पहिल्याच रेघेवर घेतली तर छेदच मिळत नाही, नुसतं रान तुडवत बसायचं.

तसंच कुणी आडवळण न घेता तडक कुठं गेला की ती बीलाइन. म्हणून एकटा माणूसही बीलाइन करतो. गर्दी लागत नाही.

टिळकवाडी: परीक्षेत 'फॉर'च लिहायला सांगा. पुढं जागा, वस्तू किंवा माणूस. मुलं 'अ' गाळतात, 'मेक'च्या जागी 'डू' घालतात, दोन्ही चूक. काळ 'मेक'वरच बदलतो: 'ही मेड अ बीलाइन फॉर द कुंदा शॉप', बसमधून उतरला तो तडक कुंद्याच्या, म्हणजे बेळगावी मिठाईच्या, दुकानात. मराठीत 'थेट गाठलं', 'मोर्चा वळवला' चपखल बसतं. वाट सांगताना आपण 'नीट जावा' म्हणतो, त्यात दिशा सरळ आहे, पण ओढ नाही. बीलाइनला ओढ पाहिजे, घाईही. ठरल्या मार्गानं निघालेल्या निपाणी बसला ती लावू नका. औपचारिक अर्जातही नको.

शहापूरकर: मग बेळगाव ते पणजी सरळ रेषेतलं अंतर सांगताना चालेल?

टिळकवाडी: नाही, तिथं 'अ‍ॅज द क्रो फ्लाइज'. चोर्ला घाटाची वळणं सोडून नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर ते. त्यात कुणी कुठं जात नाही.

खानापूरकर: तुमचं वाक्य गर्दीचंच असेल तर 'डिव्होटीज फ्लॉक्ड टू सौंदत्ती' करा, इथं 'टू' बरोबर. बीलाइन ठेवायची असेल तर: 'गेटिंग ऑफ द बस, दे मेड अ बीलाइन फॉर द टेम्पल.'