मदत हवी आहे: दूध दाटले आहे आणि बाळ तोंडात धरत नाही

अमळनेरची_लेक:
नमस्कार. पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी, अमळनेर तालुक्यातल्या गावी आले आहे. काल संध्याकाळपासून दोन्ही स्तन दगडासारखे घट्ट झाले आहेत, कातडी ताणून चकाकते आहे, आणि बाळ तोंड लावते, घसरते आणि रडू लागते. आई म्हणते गरम शेक घे, काकू म्हणते दाबून दूध काढून टाक, आणि दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी ‘पाजत राहा’ एवढेच सांगितले होते. पाजत राहायला बाळाने आधी धरायला तर हवे! कृपया आईच्या दुधाचे महत्त्व कोणी समजावू नये, ते मला माहीत आहे. आज रात्री काय करायचे तेवढे सांगा.

तापीकाठ:
अभिनंदन, ताई. बाळ किती दिवसांचे आहे, बाळंतपण साधे झाले की सिझर, आणि तुम्हाला ताप आहे का, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

अमळनेरची_लेक:
पाचवी काल पुजली, यावरून दिवस समजून घ्या. सिझर आहे. ताप मोजलेला नाही. अंग गरम लागते, पण मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात कोणाचे अंग गार लागते?

कळण्याची_भाकरी:
कोबीची पाने फ्रीजमध्ये गार करून स्तनांवर ठेवावीत आणि कोमेजली की बदलावीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत यानेच उतार पडला. बाकी काही करण्याची गरज नाही.

तापीकाठ:
कोबीत औषधी गुण असल्याचा भक्कम पुरावा नाही. गारव्याने बरे वाटते हे खरे, पण तोच गारवा फ्रीजमधल्या ओल्या रुमालानेही मिळतो.

कळण्याची_भाकरी:
पुराव्याचे तुम्ही पाहा. दुखत मला होते आणि थांबलेही माझेच.

मेथीचे_लाडू:
डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि दुधातून शतावरी कल्प सुरू करावा. आठ दिवसांत दूध भरपूर येईल.

तापीकाठ:
दूध भरपूर आले आहे, दादा. तक्रारच ती आहे.

भुसावळचा_बाबा:
पंप घेऊ नका, एवढेच सांगायला आलो. आमच्याकडे विजेवरचा पंप आणला, दोन्ही बाजू पूर्ण रिकाम्या केल्या, त्या रात्री पत्नीला आराम पडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पण जास्त. डॉक्टरांनी नंतर समजावले की जितके काढाल तितके शरीर पुन्हा बनवते.

चोपड्याची_सून:
पंपाला सरसकट वाईट ठरवू नये. माझे बाळ काचेच्या पेटीत होते, तेव्हा पंप नसता तर माझे दूध आटलेच असते.

भुसावळचा_बाबा:
तुमचे बाळ ओढतच नव्हते. यांचे बाळ शेजारी रडते आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

निवृत्त_परिचारिका_धुळे:
मी अनेक वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वार पडल्यावर शरीरातले प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दूध भरून येते. सिझरनंतर याला थोडा उशीर होऊ शकतो. मात्र तुम्हाला जो घट्टपणा जाणवतो आहे तो केवळ दुधाचा नाही. तेथे रक्तपुरवठा वाढलेला असतो, ऊतींमध्ये पाणी साचलेले असते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी सलाइनच्या बाटल्या चढलेल्या असतील तर ही सूज आणखी वाढते. त्यामुळे काकूंच्या सांगण्याप्रमाणे जोराने दाबले तर दूध थोडेच निघेल आणि आतली सूज मात्र वाढेल. तेल लावून जोरात चोळणेही नको.

बाळ धरत नाही, कारण स्तनाग्राभोवतीचा काळसर भागच फुगून सपाट झाला आहे आणि बाळाच्या तोंडात येण्याजोगे काही उरलेले नाही. पाठीवर निजा. दोन्ही हातांची बोटे, नखे कापलेली असावीत, स्तनाग्राच्या अगदी मुळाशी दोन्ही बाजूंनी टेकवा आणि छातीच्या दिशेने आत, हलकेच पण सलग, साधारण एक मिनिट दाबून धरा. मग बोटांची जागा बदलून वर-खाली तसेच करा. दुखू लागले तर जोर कमी करा. सूज मागे सरकते आणि तेवढाच भाग मऊ पडतो. त्यानंतर हाताने थोडेसे दूध काढा आणि लगेच बाळाला लावा. त्याचे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबा आणि हनुवटी आधी टेकू द्या.

शेकाबद्दल आईंना सांगा की पाजण्याआधी दोन-तीन मिनिटे कोमट फडके चालेल. त्याने दूध सुटायला मदत होते. त्याहून जास्त शेकले तर सूज वाढते. पाजून झाल्यावर मात्र गार फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवा. त्यात कोबी ठेवायचा असेल तर माझी हरकत नाही. खाटेखाली शेगडी असेल तर या उन्हाळ्यात ती काढाच.

आता दोन प्रश्न. चोवीस तासांत बाळ किती वेळा अंगावर पिते, आणि रात्री त्याला दुसरे काही दिले जाते का?

अमळनेरची_लेक:
काल पाचवीला घर बायकांनी भरले होते, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर जात होते, त्यामुळे दुपारनंतर पाजणे झालेच नाही. माझे टाके दुखतात म्हणून रात्री आई गाईचे दूध पाणी घालून चमच्याने देते. हे मी विचारलेले नाही.

निवृत्त_परिचारिका_धुळे:
विचारलेले नाही, पण दाटण्याचे कारण त्यातच आहे. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर प्यायला हवे, आणि रात्रीचे पाजणे त्यातच येते. गाईच्या दुधाने त्याचे पोट भरते, ते झोपते आणि तुमचे दूध जागच्या जागी साचते. शिवाय या वयात ते दूध बाळाला सोसणारेही नाही. वरचे दूध बंद करताना त्याच्या लघवीवर लक्ष ठेवा. या वयाला दिवसभरात निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. तेवढे होत नसतील किंवा बाळ सुस्त पडले असेल तर त्याला लगेच डॉक्टरांना दाखवा. आईंना चमचा हातात घ्यायचाच असेल तर तुमचे काढलेले दूध त्यांनी वाटी-चमच्याने पाजावे. मात्र या उन्हात ते बाहेर ठेवू नये. टाक्यांवर भार पडू नये म्हणून कुशीवर निजून पाजा आणि पाठीमागे उशी लावा. सिझरनंतर दिलेली दुखण्याची गोळी बंद केली आहे का? पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अंगावर पाजताना चालतात, पण तुमच्यासाठी कोणती आणि किती, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

तापीकाठ:
गावातल्या आशाताईंना निरोप द्या. बाळंतपण दवाखान्यात झाले तरी त्यांना घरी भेटी द्यायच्या असतात, आणि सातव्या दिवसाची भेट त्यात आहे. थर्मामीटर त्यांच्याकडे असतो. रात्री कोणी भेटले नाही तर १०४ वर फोन करून सल्ला घेता येतो.

अमळनेरची_लेक:
बोटांनी दाबून पाहिले. उजव्या बाजूला बाळाने धरले आणि गिळण्याचा आवाजही येत होता. डावी बाजू अजून कडक आहे आणि काखेजवळ गाठ लागते. आशाताईंनी ताप मोजला, शंभराच्या थोडा वर आहे. आत्ता रात्रीच जळगाव गाठायचे का? घरात त्यावरून दोन तट पडले आहेत.

निवृत्त_परिचारिका_धुळे:
स्तनाची ऊती काखेपर्यंत गेलेली असते, म्हणून तेथेही गाठ लागते. कातडी लाल नसेल तर गार फडके ठेवा आणि पुढच्या वेळी डाव्या बाजूने पाजायला सुरुवात करा. मात्र ताप १०१ च्या वर गेला, थंडी वाजून आली, किंवा एखादा भाग लाल होऊन दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. प्रतिजैविकाची गरज आहे का हे डॉक्टरांनी पाहायला हवे. यांपैकी काही झाले नाही, तरी ओलेच बाळंतपण आहे आणि त्यात टाक्यांची जखम, म्हणून उद्या सकाळी दाखवून या. डॉक्टरांकडे जाईपर्यंत पाजणे थांबवू नका. त्या बाजूचे दूध बाळाला बाधत नाही, आणि थांबवल्यास तेथे पू होण्याची भीती वाढते. छाती फडक्याने घट्ट बांधू नका.

अमळनेरची_लेक:
काकूंनी फडके आणून ठेवलेच होते. परत पाठवते.

मेथीचे_लाडू:
शतावरी मग केव्हापासून द्यावी?

निवृत्त_परिचारिका_धुळे:
बाळाचे वजन भरत असेल तर देऊच नये.