अनामिका : पाचांतल्या एकाच बोटाला नाव का नाही?

सदाफुली

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. अंगठा, तर्जनी, मध्यमा, कनिष्ठा या सगळ्यांना कामावरून, जागेवरून नाहीतर लहानमोठेपणावरून नाव आहे आणि चौथ्या बोटाला मात्र अनामिका, म्हणजे जिला नावच नाही ती. बरं हे बोट काही टाकाऊ नाही, अंगठी त्यातच, देवाला गंध त्यानंच, पूजेला बसलं की दर्भाचं पवित्रक पण त्यातच घालतात, मग इतक्या मानाच्या बोटाला नाव द्यायचं कसं राहून गेलं?

शाळेत संस्कृतच्या बाईंनी कालिदासाचं सुभाषित सांगितलं होतं की कवी मोजायला बसले, करंगळीवर कालिदास आला आणि पुढच्या बोटावर घ्यायला त्याच्या तोडीचा कुणी सापडेना म्हणून ती अनामिका. ऐकायला फार सुंदर आहे पण शब्द खरंच तिथून आला का? आणि त्या निमित्तानं अनामिक, अनाम, निनावी, बेनामी हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का वेगवेगळे हेही कुणी सांगितलं तर बरं होईल. जाणकारांनी सविस्तर लिहा, मला घाई नाही.

---

पोथीवाला

प्रश्न आवडला. आधी सुभाषिताचं सांगतो. ‘पुरा कवीनां गणनाप्रसङ्गे कनिष्ठिकाधिष्ठितकालिदासा, अद्यापि तत्तुल्यकवेरभावादनामिका सार्थवती बभूव’ असा तो श्लोक. शेवटचे शब्द नीट बघा, अनामिका ‘सार्थवती’ झाली, म्हणजे नाव आधीपासून होतंच, त्याला अर्थ आत्ता आला असं कवी म्हणतोय. त्यामुळे शब्दाचा जन्म तिथला नाही, तयार शब्दावर केलेला तो खेळ आहे. अमरकोशात (संस्कृतचा जुना शब्दकोश) पण बोटांची यादी देताना अंगठा, प्रदेशिनी, मध्यमा, अनामिका, कनिष्ठा असा सरळ क्रम आहे, कारण वगैरे काही दिलेलं नाही. (प्रदेशिनी म्हणजे आपली तर्जनी.)

आता त्याहून जुनं. आश्वलायन गृह्यसूत्रात (घरातल्या संस्कारांचे नियम सांगणारा वैदिक ग्रंथ) पवित्र म्हणजे दर्भाच्या काड्या दोन्ही टोकांना धरायला सांगितल्यात, कशानं, तर अंगठा आणि ‘उपकनिष्ठिका’ यांनी. उपकनिष्ठिका म्हणजे करंगळीच्या शेजारची. म्हणजे या बोटाला ओळख आहे पण ती शेजारणीची, स्वतःची नाही. आणि हेच आपण मराठीत पण केलंय! लहान पोराचा हात हातात घेऊन आज्या म्हणतात ते आठवा, करंगळी, मरंगळी, मधलं बोट, चाफेकळी. यातली मरंगळी म्हणजेच अनामिका. मरंगळीला वेगळा अर्थ नाहीच, करंगळीला यमक म्हणून आलेला शब्द आहे, जेवणबिवण मधलं बिवण असतं तसा. तर्जनीला चाफेकळी इतकं देखणं नाव मिळालं आणि अनामिकेच्या वाट्याला करंगळीचा पडसाद. गृह्यसूत्र लिहिणारा आणि आपल्या आज्या यांच्यात कितीतरी पिढ्यांचं अंतर आहे तरी दोघांनी तिला शेजारणीवरूनच हाक मारली, मला हे फार मोलाचं वाटतं.

पारस्कर गृह्यसूत्रात मात्र थेट अनामिका हाच शब्द आहे आणि जागा पण विलक्षण आहे. मूल जन्मलं, नाळ अजून कापलेली नाही, तेव्हा बापानं अनामिकेनं, मध्ये सोनं धरून, त्याला मध आणि तूप चाटवायचं. म्हणजे ज्या जिवाला अजून नाव नाही त्याच्या ओठाला पहिला स्पर्श होतो तो बिननावाच्या बोटाचा. सूत्रकारानं हे जुळवून लिहिलं असं मी म्हणत नाही, पण वाचल्यावर त्या ओळीवरून मला पुढे जाववेना.

राहिली शंकराची गोष्ट. ब्रह्मदेवाचं पाचवं डोकं शंकरानं या बोटानं उडवलं म्हणून ते अपवित्र झालं, त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि म्हणूनच शुद्धीसाठी त्यात पवित्रक घालायचं असं परंपरेत सांगतात. गोष्ट नंतर जोडलेली दिसते (इतर कथांत ते डोकं भैरव नखानं उडवतो) पण तिच्यात एक मुद्दा दडलाय तो सोडू नका. नाव नसणं वेगळं आणि नाव न घेणं वेगळं.

---

ठेका_तीनताल

पोथीवाले काका, क्या बात है. मी वेगळ्या बाजूनं भर घालतो, तबला शिकवतो त्यामुळे या बोटाशी रोजचा संबंध आहे.

एक करून बघा सगळ्यांनी. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून पेर टेबलाला टेकवा, आता बाकीची बोटं एकेक उचला. अंगठा उचलतो, तर्जनी उचलते, करंगळी पण उचलते, आणि अनामिका हलता हलत नाही. बोटं सरळ करणाऱ्या शिरा (डॉक्टर मंडळी त्यांना स्नायुबंध की कंडरा म्हणतात) हाताच्या मागच्या बाजूला एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात आणि अनामिका शेजाऱ्यांशी जास्त बांधलेली असते. करंगळी आणि तर्जनीला स्वतःचा जादा स्नायू आहे, हिला तो नाही. तर्जनी दाखवते, दरडावते, मधलं बोट लांबीनं उठून दिसतं, अंगठ्याशिवाय पकड नाही. अनामिका एकटीनं काहीच करत नाही म्हणून तिला नाव मिळालं नसावं असं मला वाटतं, माणूस नाव देतो ते वेगळं काढून दाखवायची गरज पडते तेव्हा.

पण म्हणून ती बिनकामाची अजिबात नाही हं. तबल्यावर ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्टीवर) पडते आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली असते. नवीन पोरं ती उचलतात की लगेच नाद पसरतो, घुमतो, सूर धरत नाही. टेकवली की तोच ‘ना’ खणखणीत. ऐकणाऱ्याला तर्जनीचाच आघात दिसतो. वर्षभर तरी मी विद्यार्थ्यांना एकच सांगत असतो, तिसरं बोट (म्हणजे अनामिकाच) सोडू नको.

---

सदाफुली

दोघांचेही मनापासून आभार. करंगळी मरंगळी मी लेकीला रोज म्हणते आणि त्यातली मरंगळी म्हणजे अनामिका हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं. बोटाचा प्रयोग घरातल्या सगळ्यांनी केला, सासूबाईंसकट, कुणाचंही उचललं गेलं नाही.

---

खाडीपलीकडे

नाव न घेणं हा जो मुद्दा निघालाय त्यावर लिहितो. आमच्या कोकणात रात्रीचं सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतील, जनावर म्हणतील. वाघाचं पण तेच. आणि सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे देवी. त्या रोगाला नुसतं नाव घेऊन बोलवायची कुणाची छाती नव्हती म्हणून ‘देवी आल्या’ म्हणायचे, आणि ते इतकं रुजलं की लस टोचण्याला पण ‘देवी काढणं’ म्हणू लागले. रोग जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं तरी जुन्या माणसांच्या दंडावरच्या वणाला आपण आजही देवीचाच वण म्हणतो. दुकान बंद केलं न म्हणता वाढवलं, जातो न म्हणता येतो, हे पण त्याच घरातले.

भीतीसारखंच मानानं पण नाव गिळलं जातं. आमच्या आजीनं आजोबांचं नाव उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नाही, ‘इकडून सांगणं झालं’, ‘तिकडची स्वारी’ असंच. आजोबांना नाव होतंच की, कागदोपत्री सगळीकडे होतं, पण घरात ते अनामच. त्यामुळे मला पोथीवाल्यांची शंकराची गोष्ट जास्त पटते, बोटाचं नाव नव्हतं असं नसेल, ते तोंडावर आणायचं नव्हतं. ज्या बोटानं मंतरलेलं, देवाचं काम करायचं त्याचं नाव चारचौघांत कशाला घ्या. ठेकाभाऊंचं म्हणणं पण चुकीचं म्हणवत नाही, पण नुसता कमकुवतपणा धरला तर मग सोनं आणि दर्भ याच बोटात का याचं उत्तर मिळत नाही.

---

कलम_कसाई

शब्दांच्या फरकाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, वकिली करतो त्यामुळे यातले दोन शब्द रोजच्या कामातले आहेत.

निनावी म्हणजे नाव आहे पण लिहिणाऱ्यानं लपवलंय. निनावी पत्र, निनावी फोन, निनावी तक्रार. सरकारी खात्यात याला महत्त्व आहे कारण केंद्रीय दक्षता आयोगानं १९९९ साली सांगितलं की निनावी आणि खोट्या नावानं आलेल्या तक्रारींवर कारवाई करायची नाही.

बेनामी हा फारसीतून आलेला, बे म्हणजे विना, पण कायद्यातला अर्थ नाव नसलेला असा मुळीच नाही! बेनामी जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव असतं, ठसठशीत असतं, फक्त ते पैसे मोजणाऱ्याचं नसतं. ड्रायव्हरच्या, गड्याच्या, लांबच्या नातेवाइकाच्या नावावर प्लॉट असतो आणि ज्याचं नाव आहे त्याला म्हणायचं बेनामीदार, म्हणजे शब्द फोडून बघितला तर ‘नाव नसलेला’ आणि कागदावर नाव असलेला तेवढा एकच माणूस तो. १९८८ चा मूळ कायदा अवघ्या ९ कलमांचा होता आणि बरीच वर्षं नुसता पडून होता, २०१६ च्या दुरुस्तीनं ७२ कलमं झाली, आता मालमत्ता जप्त होते आणि १ ते ७ वर्षं सक्तमजुरी आहे. माझ्याकडे असे बेनामीदार येतात, नोटीस आल्यावर त्यांना कळतं की आपण २ एकराचे मालक आहोत, गरीब माणसं असतात, त्यांचं नाव वापरून दुसरा नामानिराळा राहतो याचा मला मनस्वी संताप येतो.

पोलिसांच्या भाषेत अज्ञात, ‘अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा’. तिथं नाव असतं, शोधायचं असतं. आणि अनामिक बहुधा भावनांना लागतं, अनामिक हुरहूर, अनामिक ओढ, अनामिक भीती. निनावी हुरहूर कुणी म्हणणार नाही, कारण हुरहूर काही लपवत नसते, तिला नाव देताच येत नाही. नामशेष मात्र बरोबर उलटा, वस्तू गेली आणि नाव तेवढं उरलं.

---

उत्तरध्रुव

नोकरीमुळे फिनलंडला असते, इथलं सांगते. फिनिशमध्ये या बोटाला ‘निमेतॉन’ म्हणतात, म्हणजे शब्दशः नाव नसलेलं! मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण फिनिश आणि संस्कृत यांचं भाषाकुळ पण एक नाही. रशियनमध्ये पण बिननावाचं बोट, चिनीत ‘वू मिंग झ्र’ म्हणजे तेच. आणि चिनीतला उल्लेख अलीकडचा नाही, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला तत्त्वज्ञ मेन्सियस म्हणतो की एखाद्याचं बिननावाचं बोट वाकडं झालं, दुखत नाही, कामात आड येत नाही, तरी ते सरळ करणारा कुणी भेटणार असेल तर माणूस छिन पासून छू राज्यापर्यंत चालत जाईल, आणि मन वाकडं झालं त्याचं मात्र त्याला काही वाटत नाही. जपानीत जुनं नाव बिननावाचं बोट आणि आताचं ‘औषधाचं बोट’. लॅटिनमध्ये पण वैद्याचं बोट असा शब्द होता.

म्हणजे बघा, एकीकडे नाव नाही आणि दुसरीकडे औषध, मंत्र, अंगठी. खाडीपलीकडे म्हणतायत ते मला या सगळ्या भाषांकडे बघून जास्त खरं वाटतं.

---

माणदेशी

वाचतोय कालपासून. एक गोष्ट कुणी आणली नाही म्हणून लिहितो, ती बोटाची नाही.

आमच्या सातारा जिल्ह्यात नकुशी, नकुसा नावाच्या बाया घरोघर होत्या. लागोपाठ मुली झाल्या की शेवटचीला नकोशी म्हणायचं म्हणजे पुढचा मुलगा होतो अशी समजूत. शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर, बँकेत तेच. इथं सगळे नाव नसण्याबद्दल लिहितायत, या मुलींना तर नाव दिलेलं होतं, बारसं झालं होतं, पण त्या नावानं हाक मारली की दर वेळी तिला सांगितलं जायचं की तू नको होतीस. दगडू, धोंडू ही नावं पण वाईटच वाटतात पण ती दृष्ट लागू नये, पोर जगावं म्हणून ठेवलेली, नकुशी तशी नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यात कार्यक्रम घेऊन अशा दोनशेहून जास्त मुलींची नावं बदलली, प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र दिलं, काहींनी आपलं नाव आपणच निवडलं. मराठीत निनावी, बेनामी, अनामिक इतके बारीक भेद आहेत, यासाठी मात्र एकही शब्द नाही आणि तो मला कोशात सापडावा असंही वाटत नाही.

---

सदाफुली

माणदेशी, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवलंच नाही. आमच्या मामीच्या गावात पण एक नकुसाबाई आहेत, सत्तरीच्या असतील. त्यांना सगळे ‘अक्का’ म्हणतात, मी आजवर समजत होते की वयामुळे.

पोथीवाले काका, एक राहिलंच, विदर्भात किंवा खानदेशात करंगळी मरंगळीच म्हणतात की मरंगळीला वेगळा शब्द आहे? तिकडच्या कुणी वाचत असेल तर आपापल्या घरी लहान पोरांना काय म्हणून बोटं मोजायला शिकवतात ते तसंच्या तसं लिहा, क्रमासकट.