प्रोजेक्ट इंजिनिअर स्लॅबवर हवा की टेबलावर? (बांधकामातल्या पाच जणांची चर्चा, टोपणनावांनी)

ओळंबा
इमारतींच्या साइटवर हल्ली प्रोजेक्ट इंजिनिअर म्हणजे दिवसभर एक्सेल आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर प्रगतीचे फोटो. पोअर कार्ड (काँक्रीट ओतायच्या परवानगीचा कागद) केबिनमध्ये येतं, सही होते, पंप सुरू. माझं म्हणणं सरळ आहे: स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी त्याने ड्रॉइंग हातात घेऊन वर दोन तास घालवलेच पाहिजेत. इतर सगळं नंतर.

बाल्कनीचंच घ्या. १२५ मिमी जाडीच्या कँटिलिव्हर (एकाच बाजूने धरलेल्या) बाल्कनीत मुख्य स्टील वरच्या बाजूला. २० मिमी कव्हर (स्टीलवरचा काँक्रीटचा थर) सोडलं की ते तळापासून साधारण १०० मिमीवर येतं. चेअर (वरचं स्टील उचलून धरणारे आधार) कमी पडल्या, त्यावरून माणसं आणि पंपाचे पाइप गेले, आणि स्टील ३० मिमी खाली बसलं, तर ताकद ढोबळमानाने ३० टक्क्यांनी गेली. क्यूबचा (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याचा) रिपोर्ट झकास येईल, कारण क्यूबला स्टील कुठे आहे ते कळत नाही.

कॉलमच्या रिंगा (उभ्या सळ्यांभोवतीचे वेढे) तशाच. आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या कोडप्रमाणे हूक (रिंगेचं दुमडलेलं टोक) १३५ अंशांचा आणि शेपूट व्यासाच्या ६ पट, पण ६५ मिमीपेक्षा कमी नाही. ८ मिमीच्या रिंगेला ६ पट म्हणजे ४८ होतात, म्हणून तिथे ६५च धरायचे. फिटर ९० अंशात दुमडून मोकळा होतो, कारण तसं बांधायला पटकन होतं. आणि लॅप (दोन सळ्या एकमेकींवर चढवून केलेला जोड)? कोड सांगतो कॉलमच्या मधल्या निम्म्या उंचीत आणि एका पातळीवर निम्म्याहून जास्त सळ्या नकोत. साइटवर सगळे लॅप स्लॅबच्या लगेच वर, रांगेत. हे केबिनमधून दिसत नाही.

बिलिंगवाला
असहमत. तुम्ही सांगताय ते साइट इंजिनिअरचं आणि क्वालिटीवाल्याचं काम आहे. प्रोजेक्ट इंजिनिअर रिंगा मोजत बसला तर ती दोन पोरं कशासाठी ठेवली?

त्याचं काम साइटला अडू न देणं. लिफ्टचा खड्डा किती खोल आणि शाफ्ट किती रुंद, हे लिफ्टवाल्याच्या ड्रॉइंगवर ठरतं. म्हणजे पाया भरण्याआधी लिफ्ट कंपनी ठरलेली हवी. ते फोन आणि पाठपुरावा कोणी केला नाही, तर पुढे तयार राफ्ट (पायाचा सलग स्लॅब) फोडायची वेळ येते. ड्रॉइंगचं रजिस्टर तसंच. स्ट्रक्चरलचं सुधारित पान आलं, जुनं पान फिटरच्या खिशात राहिलं, की तुमचे दोन तासही चुकीच्या ड्रॉइंगवर जातात. जुनी प्रत परत घेऊन फाडणं हे कारकुनी काम वाटतं, पण त्यावर अख्खा मजला अवलंबून असतो.

शिवाय स्टीलचा हिशोब. १६ मिमी सळई कागदावर मीटरला १.५८ किलो. त्या जाडीला कोडमध्ये ५ टक्के कमी-जास्त चालतं. माल काट्यावर मोजून घेतला आणि ठेकेदाराचं बिल बीबीएसच्या (सळ्यांच्या मापांच्या यादीच्या) कागदी वजनावर काढलं, तर १०० टनांमागे ५ टनांपर्यंत फरक निघू शकतो आणि तो वेस्टेजच्या नावावर खपतो. दर लॉटमधली एक मीटर सळई तोलून नोंद ठेवली असेल तरच भांडता येतं.

टेकू
दोघंही वेगवेगळी खाती समजून बोलताय. स्लॅबची बरीच दुखणी टेबलावरच सुरू होतात.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्ये ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या स्पॅनला १४, ६ मीटरवरच्या बीमखाली २१. तेही साध्या सिमेंटला आणि तापमान १५ अंशांच्या खाली नसताना. फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीची मळी) घातलेल्या मालाला आणखी थांबावं लागतं. आता समजा स्पॅन ५ मीटर, मजल्याचं सायकल ७ दिवसांचं, आणि प्रॉपचे (टेकूंचे) दोनच सेट मंजूर. तिसऱ्या स्लॅबची सेंट्रिंग (साचा आणि टेकू) उभी करायला घेतात तेव्हा पहिला स्लॅब जेमतेम ९-१० दिवसांचा असतो. मुकादम खालचे टेकू काढणारच, दुसरे आणणार कुठून? तीन सेट असते तर चौथ्याची सेंट्रिंग सुरू होताना पहिला १६ दिवसांचा झाला असता.

मग स्लॅब झुकला की शिव्या मुकादमाला. दोन सेटच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) सही मात्र दोन महिन्यांपूर्वी कोणी तरी केलेली असते, आणि त्याच माणसाने ७ दिवसांचं सायकलही बार चार्टमध्ये (वेळापत्रकात) टाकलेलं असतं.

बिलिंगवाला
टेकू, हेच म्हणतोय मी. टेबल नीट असेल तर वर जायची गरज निम्मी होते.

ओळंबा
उलट आहे. ज्याने कधी सेंट्रिंग खोलताना पाहिलेलं नाही त्याला दोन सेट आणि तीन सेटमधला फरक भाड्यात दिसतो, दिवसांत दिसत नाही. नव्या पोरांना म्हणूनच सांगावं, पहिली दोन वर्षं ऑटो लेव्हल (पातळी मोजायचं यंत्र) आणि बीबीएस, मग एमएसपी (वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर).

आरसीसी ठेका
ठेकेदाराच्या बाजूनेही कोणी तरी बोला राव. साहेब वर येतात याला आमची ना नाही, येतात कधी हा प्रश्न आहे. स्लॅब ३०० चौमी, १५० मिमी जाडी, बीम धरून ६० घनमीटर माल, ६ घनमीटरच्या १० गाड्या. सकाळी ७ ला पंप लागला, पहिली गाडी प्लांटवरून निघाली, आणि साहेब ७.३० ला म्हणतात की टॉयलेटचे स्लीव्ह (पाइपांसाठी सोडायच्या नळ्या) राहिलेत. प्लंबरला फोन लागत नाही. आरएमसीला (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटला) दोन तासांची मर्यादा. गाडी उभी, स्लंप (मालाचा पातळपणा) पडला, की कोणी तरी ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो. पाणी वाढलं म्हणजे ताकद गेली, हे सगळ्यांना पाठ आहे, तरी त्या घाईत कोण ऐकतं? स्लीव्ह न टाकता भरला तर नंतर कोअर कटिंग (तयार स्लॅबला भोक पाडणं), आणि त्यात स्टीलही तुटतं.

बिलिंगवाला
पाणी घातलेली गाडी परत पाठवायचा अधिकार साइट इंजिनिअरला लेखी द्या, सगळं सुधारेल. क्यूबचंही नीट करा. ६० घनमीटरला कोडप्रमाणे किमान ५ नमुने, म्हणजे २८ दिवसांचे १५ क्यूब, ७ दिवसांचे वेगळे. पहिल्या गाडीतूनच सगळे साचे भरून ठेवायची पद्धत आहे ना, ती मोडली पाहिजे. पाणी पडतं सातव्या-आठव्या गाडीत.

कव्हरब्लॉक
अधिकार साइट इंजिनिअरला? सहा महिने अनुभवाच्या पोराने ६ घनमीटरची गाडी परत पाठवायची, ठेकेदार आणि मालक दोघांचा फोन येत असताना? स्लॅब थांबवायचं बळ फक्त प्रोजेक्ट इंजिनिअरकडे असतं, म्हणून तो वर हवा. मोजायला नाही, नाही म्हणायला. रिंगा पोरं मोजतील, दर दहा कॉलममधला एक त्याने स्वतः बघितला तरी फिटरला कळतं.

आणि कागद म्हणजे फक्त बिल नव्हे. रेरा या घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १४(३) मुळे ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष बिल्डरच्या गळ्यात आहेत, कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचे. तेव्हा पोअर कार्ड, क्यूबचा रिपोर्ट आणि सेंट्रिंग खोलल्याची तारीख शोधत फिरतात. ती तारीख बहुतेक साइटवर लिहिलेलीच नसते.

आरसीसी ठेका
मग असं करा. पोअर कार्डावरची सही आदल्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत, वेळेसकट. त्यानंतर काही उघडायला सांगितलं तर पंप आणि गाड्या थांबल्याचा खर्च तुमच्या नावावर. वर्क ऑर्डरमध्ये कलम घाला.

बिलिंगवाला
घालतो. हूक ९० अंशात सापडले तर रिंगा बदलायचा वेळ आणि मजुरी कोणाच्या नावावर, तेही त्याच कलमात लिहू. चालेल?

आरसीसी ठेका
फिटरला विचारून सांगतो.