बालगृहातली शिस्त आणि ‘आघाताचं निमित्त’

निशिगंध:
‘जुनाजाणता’ यांनी परवा लिहिलं, “हल्ली मूल ओरडलं की आघात, चोरी केली की आघात. बालगृहातला धाकच संपला, मग मुलं डोक्यावर बसणार नाहीत तर काय?” आघात म्हणजे मार, छळ, ताटातूट यांनी मुलाच्या मनावर झालेली खोल जखम. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतेय.

आम्ही प्रतिपालक आहोत, म्हणजे संस्थेतल्या मुलाला काही काळ आपल्या घरी वाढवतो. आमच्याकडे आलेली मुलगी, घरात कुणी बॅग भरायला घेतली की हाताला लागेल ते फेकायची. आधीच्या संस्थेत यावरून तिला खोलीत एकटीला कोंडत. असं का करतेस, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिला दर वेळी न सांगता हलवलं होतं; बॅग दिसली की नवीन जागा, नवीन माणसं. मग कोण कुठे चाललंय, कधी परतणार, हे बॅग काढायच्या आधीच आम्ही तिला सांगायला लागलो. फेकाफेक हळूहळू थांबली. फेकलेलं उचलायचं काम मात्र तिचंच, तो नियम कधी सैल केला नाही.

अमेरिकेतल्या ‘सॅम्सा’ या सरकारी संस्थेनं २०१४ मध्ये, मुलाचा आघात लक्षात घेऊन त्याच्याशी वागायच्या या पद्धतीचा आराखडा मांडला. आघाताचे परिणाम किती दूरवर जातात हे जाणा, त्याच्या खुणा ओळखा, त्यानुसार कामाची रीत बदला, आणि मदत करताना मुलाला पुन्हा तीच इजा करू नका. यात ‘नियम काढून टाका’ कुठे आहे ते दाखवा.

जुनाजाणता:
ताई, तुमच्या घरी एक मूल. भरलेल्या बालगृहात एकेकाची बॅग कोण सांभाळणार? मी स्वतः संस्थेत वाढलोय. पहाटे घंटा, रांग, ठरल्या वेळी जेवण. मारही खाल्ला. घरी वडील कुठल्या अवस्थेत येतील याचा नेम नसायचा, घंटेचा होता. तिनंच मला माणसांत आणलं. तुमच्या समुपदेशकांना हे पुस्तकात सापडणार नाही.

पैलतीर:
पुस्तकात नेमकं हेच आहे! पुढे काय होणार हे आधी कळलं की मुलाला सुरक्षित वाटू लागतं. तुम्हाला घंटेनं सावरलं, छडीनं नाही. दोन्ही एकाच खात्यात टाकू नका.

जुनाजाणता:
माझ्या आयुष्यात काय कशानं झालं, ते आता तुम्ही मला सांगणार?

अक्षांश:
शिस्त राहू द्या बाजूला. मला चीड येते ती फॉर्मची. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची (मारहाण, दुर्लक्ष, घरातलं व्यसन वगैरे) दहा प्रश्नांची यादी घेऊन बसायचं, मूल आल्या दिवशी गुण मोजायचे, ‘सातचं मूल’ म्हणून शिक्का मारायचा. ही यादी ज्यातून आली तो फेलिट्टी आणि अँडा या अमेरिकन डॉक्टरांचा १९९८ पासून गाजलेला अभ्यास प्रौढांचा होता, मोठ्या समूहाचं चित्र पाहण्यासाठी. एकेका माणसाला त्या आकड्यानं तोलू नका, असं खुद्द अँडा यांनी सहलेखकांसह २०२० मध्ये लिहिलं. तरी फॉर्म सुरूच.

पैलतीर:
मग काहीच विचारायचं नाही? माहितीच नसेल तर मुलाला नेमकी कशाची भीती वाटते ते कळणार कसं?

अक्षांश:
पोलिसांना सांगून झालं, डॉक्टरांना सांगून झालं, न्यायालयात सांगून झालं. तुम्ही चौथे. सांगणं हीच इजा होते कधी कधी. आधीची नोंद वाचायचे कष्ट घ्या.

रात्रपाळी:
नोंद कोण वाचणार? मी काळजीवाहक आहे. प्रशिक्षणाला कार्यालयातली माणसं जातात आणि फाइल गोपनीय म्हणून कपाटात बंद. रात्री मूल किंचाळत उठतं तेव्हा मी असते. एका मुलाला मी पांघरूण सारखं करायला हात लावला, तर तो पलंगाखाली शिरला. झोपेत त्याला स्पर्श चालत नाही, हे फाइलमध्ये होतं, मला नंतर कळलं. सोबतच्या बायका टिकत नाहीत. कशा टिकतील? हे सगळं ऐकून आमची झोप जाते, त्याची नोंद कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

अक्षांश:
वाईट वाटलं. पण फाइल सगळ्यांना खुली केली तर मुलाची कहाणी स्वयंपाकघरापर्यंत जाते. हे मी पाहिलंय.

रात्रपाळी:
स्वयंपाकघर म्हणजे आम्हीच ना? आम्ही चहाड्या करतो, साहेब लोक करत नाहीत? मला कहाणी नकोच आहे. कुणी काय केलं ते तुमच्यापाशी ठेवा. ‘झोपेत हात लावू नका, दिवा चालू ठेवा, आधी नावानं हाक मारा’ एवढंच कागदावर लिहून द्या.

निशिगंध:
पूर्ण सहमत. मोठं मूल असेल तर काय लिहायचं ते त्यालाच विचारा.

अक्षांश:
कारण न लिहिता फक्त काय करायचं तेवढं? ते चालेल. फाइल खुली करायला माझा विरोध कायम.

जुनाजाणता:
भरलेल्या बालगृहातही हे जमेल, मान्य. कोंडणं चूक, तेही मान्य. पण उद्या नियम मोडला की कागद दाखवून सुटका, असं होता कामा नये.

रात्रपाळी:
दादा, नियम मी पाळून घेते, ती काळजी तुम्ही करू नका. तो कागद कुणाच्या सहीनं आणि कधी मिळणार, ते कुणीतरी सांगा. आज रात्री पुन्हा पाळी आहे.