मदत हवी आहे: फोडणी पडली की स्मोक डिटेक्टर बोंबलतो, काय करावं?

मंडळी, आमचा फ्लॅट राजारामपुरीत, जुन्या इमारतीत. स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कमान. भावानं हौसेनं बॅटरीवरचे दोन स्मोक डिटेक्टर आणून बसवले, एक कमानीबाहेर छताला, दुसरा आमच्या झोपायच्या खोलीत.

कमानीपाशी बसवलेला रोजच्या भाजीला गप्प असतो. पण रविवारी मटणाची फोडणी पडली, चटणीसाठी खोबरं-तीळ भाजायला घेतलं किंवा सुक्या मिरच्या परतल्या, की लगेच सुरू. सासऱ्यांना ऐकायला कमी येतं, तेही दचकून उठतात, म्हणजे आवाज किती ते समजा. सासूबाईंनी आता त्याला कॅरीबॅग चढवून रबरबँड लावलाय. स्वयंपाक झाला की काढायची असं ठरलं होतं, पण काढतंय कोण!

खोलीतल्याची तऱ्हा वेगळी. फोडणीशी त्याचं काही देणंघेणं नाही, पण पाऊस लागल्यापासून रात्री-अपरात्री उगाच वाजतो. धूर कुठंच नसतो. शिवाय मधूनच ‘टुक’ असा बारीक आवाज करतो.

जागा बदलू, डिटेक्टर बदलू की चिमणी बसवू? एक दुकानदार म्हणतो, सेन्सिटिव्हिटी कमी करून देतो. करावं का? काढून टाका असं कृपया सांगू नका, ते घरात रोज ऐकते.

प्रतिसाद १
ताई, आधी ती पिशवी काढा. मग डिटेक्टर उतरवून मागचं लेबल वाचा. आयोनायझेशन किंवा अमेरिसियम-२४१ असं लिहिलं असेल तर फोडणीला तो वाजणारच. तापलेल्या तेलातून डोळ्यांना न दिसणारे बारीक कण उडतात, ते या प्रकाराला पटकन कळतात. त्याऐवजी फोटोइलेक्ट्रिक घ्या, त्याला ऑप्टिकलही म्हणतात. आतल्या प्रकाशाचा झोत धुराच्या कणांवरून विखुरला की तो वाजतो. गादी किंवा वायर धुमसत असेल तर लवकर ओळखतो, फोडणीला त्या मानानं कमी फसतो.

कुठलाही घेतला तरी शेगडीपासून निदान १० फूट लांब हवा. थोड्या वेळापुरता आवाज बंद करायचं बटण असलेला मिळाला तर सासूबाईंशी रोजचा वाद मिटेल. स्वयंपाकघरात हीट डिटेक्टर चालतो. तो धूर बघतच नाही, छतापाशी साधारण ५७ अंश सेल्सिअस झालं की वाजतो. मात्र तो बाहेरच्या स्मोक डिटेक्टरच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही. आणि गॅसगळती यातल्या एकालाही कळत नाही.

चिमणी किंवा एक्झॉस्ट असेल तर तेल तापायच्या आधी लावा, धूर झाल्यावर नाही. सेन्सिटिव्हिटीचं म्हणाल तर घरगुती बॅटरीच्या डिटेक्टरमध्ये फिरवायला सहसा काही नसतंच. तो दुकानदार जाळीवर चिकटपट्टी मारून देईल.

प्रतिसाद २
खोलीतला ‘टुक’ म्हणजे बहुतेक बॅटरी संपत आली. बदलूनही थांबला नाही तर मागची तारीख बघा, १० वर्षं झाली की डिटेक्टरच बदलायचा. रात्रीच्या वाजण्यामागं पावसाळी किडे किंवा आत साठलेली धूळ असू शकते, दमट हवाही असू शकते. व्हॅक्युमच्या मऊ ब्रशनं बाहेरून कडेकडेनं ओढून घ्या. पाणी नको, झुरळांचा स्प्रे तर अजिबात नको. मग टेस्टचं बटण दाबून बघा. गीझरच्या बाथरूमचं दार त्याच खोलीत उघडतं का? वाफेनंही वाजतो.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचे आभार. लेबल आयोनायझेशनचंच निघालं. बाथरूमचं दारही त्याच खोलीत आहे, पण मध्यरात्री आंघोळ कोण करतंय, म्हणजे किडेच असणार. आता नवी अडचण. शेगडीपासून १० फूट मोजले तर बरोबर देवघर येतं, आणि तिथं संध्याकाळी धूप असतो.

प्रतिसाद १
मग आणखी आत सरका. झोपायच्या खोल्यांच्या दारांसमोर पॅसेज असेल तर तिथं छताला, पंख्याच्या वाऱ्यापासून बाजूला. धूप खिडकीजवळ लावायला सासूबाई तयार होतात का बघा.