मदत हवी आहे: सात बाय तीनच्या गॅलरीत अर्धा तास शांत बसायची सोय कशी करू?

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत वन बीएचके, माणसं चार. ऑफिस फोर्टला. सीएसएमटीहून जलद लोकल मिळाली तरी घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. चपला काढते न काढते तोच "कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या?" हॉलमध्ये सासूबाईंची मालिका, आतल्या खोलीत लेकाची दहावी. उरलं बाथरूम. तिथेही बाहेरून हाक येतेच.

ध्यानधारणा, सुगंधी मेणबत्त्या कृपया सुचवू नका. मला फक्त चहा घेऊन अर्धा तास बसायचंय, कुणी काही न विचारता.

जागा म्हणाल तर हॉलला लागून गॅलरी आहे, ७ फूट बाय ३ फूट, तोंड पश्चिमेला. त्यात वॉशिंग मशीन, कपड्यांच्या चार दोऱ्या, रंगाचे दोन रिकामे डबे आणि "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेली लेकाची तीनचाकी सायकल. (लेक दहावीत आहे हे वर सांगितलंच.)

गेल्या वर्षी एक उपद्व्याप करून बसले. तो अंड्याच्या आकाराचा झोपाळा असतो ना, तो स्टँडसकट ऑनलाइन मागवला. घरी आल्यावर कळलं, स्टँडचा खालचा गोलच साडेतीन फुटांचा! तो हॉलमध्ये गेला आणि आता त्यात इस्त्रीचे कपडे बसतात. मी गेले आठ दिवस मशीनशेजारी बादली पालथी घालून बसतेय.

अडचणी अशा: कपडे तिथे वाळवायचे नाहीत तर कुठे? एप्रिल-मेमध्ये भिंत रात्री नऊलाही गरम लागते. पावसात झड आत येते, म्हणून गादी-उशी ठेवता येत नाही. आणि पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात माझ्या कपातला चहासुद्धा समोरच्या बिल्डिंगला दिसतो. खर्च चार-पाच हजारांच्या आत हवा.

प्रतिसाद १
ताई, छताला दोरी-कप्पीचं कपडे वाळवायचं स्टँड लावून घ्या. दोरी ओढली की कपडे डोक्याच्या वर. फक्त धुणं सकाळी घाला, नाहीतर चादरीचं पाणी चहात पडेल. ट्यूबच्या जागी पिवळसर बल्ब लावा, खोक्यावर २७०० के लिहिलेला बघून घ्या. तीन वॉटचा पुरे. भिंत तापते कारण दुपारभर ऊन थेट तिच्यावर पडतं. गॅलरीच्या कठड्याबाहेरच्या अंगाला बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, खाली सोडून ऑफिसला जा. ऊन बाहेरच अडलं पाहिजे, आत पडदा लावून फारसा उपयोग नाही. आल्यावर फरशीवर दोन तांबे पाणी शिंपडा. बसायला घडीची कापडी आरामखुर्ची घ्या, पावसात उचलून आत ठेवता येते. कुंड्यांचा मोह मात्र टाळा. तेवढ्यात झाडं आली की पाय कुठे ठेवणार?

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार! आत्ताच टेप घेऊन मोजलं. मशीन दोन फूट खातं, उरले पाच. खुर्ची बसेल. तीनचाकी आज रात्रीच वॉचमनच्या मुलाला देतेय, यांना न विचारता.

प्रतिसाद २
खुर्ची, बल्ब सगळं नंतर घ्या. आधी सांगा, गॅलरीच्या दाराला कडी कुठल्या बाजूने आहे? आमच्याकडे मी सगळी सजावट केली आणि पहिल्याच दिवशी तिघंजण "काय करतेयस?" विचारायला आले.

मूळ प्रश्नकर्ती
अगं बाई! कडी हॉलच्या बाजूने. म्हणजे मला कोंडता येईल, पण मला कुणाला अडवता येणार नाही. सुताराकडून गॅलरीच्या बाजूनेही एक बसवून घेते. पण सासूबाईंना कारण काय सांगू?

प्रतिसाद २
कबुतरं. दार उघडं राहिलं की आत शिरतात म्हणावं.